एकीची साडी दुसरीला: पार्सलवरच्या लेबलांची अदलाबदल कशी निस्तरायची

“ताई, मी बॉटल ग्रीन मागवली होती, ही तर राणी कलर आलीय.” सोबत फोटो. फोटोतली साडी तुमच्याच स्टॉकमधली, पण ती मागवली होती दुसऱ्याच बाईंनी. घरून साड्या, खण, नथी, ड्रेस मटेरियल विकणाऱ्यांना हा मेसेज नवा नाही. नवरात्र ते दिवाळी आणि पुढे लग्नसराईत एका दिवशी दहा-पंधरा पार्सलं निघू लागली की कधीतरी तो येतोच.

यावर हमखास काय केलं जातं? माफी मागायची, शिल्लक असेल तर हिरवी साडी त्याच संध्याकाळी रवाना करायची आणि हुश्श करायचं. मग दोन दिवसांनी दुसरा मेसेज येतो, कारण राणी कलर जिची होती तिच्या हातातही काहीतरी भलतंच पडलेलं असतं. लेबल चुकलं असेल तर चुकलेलं पार्सल एकटं कधीच नसतं. निदान दोन असतात, बऱ्याचदा त्याहून जास्त. म्हणून पहिली तक्रार आली की आधी बाकीची चुकलेली पार्सलं शोधायची. बदली माल त्यानंतर.

चूक नक्की कुठली?

ग्राहकाकडून तीन फोटो मागवा: पाकिटावरचं लेबल, आतली वस्तू आणि वस्तूवरचा टॅग किंवा कोड. निर्णय लेबलाच्या फोटोवर होतो, आणि नेमका तोच फोटो कुणी आपणहून पाठवत नाही. पाकीट फाडून कचऱ्यात गेलेलं असतं, तेव्हा विचारायला उशीर करू नका.

लेबलावर तिचंच नाव आणि आत दुसऱ्या कुणाच्या ऑर्डरमधली वस्तू, तर ती अदलाबदल. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे. लेबलावर तिचं नाव, पण आतली वस्तू त्या दिवशी कुणीच मागवलेली नव्हती, तर कपाटातून चुकीची घडी उचलली गेली. एकच पार्सल चुकलंय, बदली पाठवा, विषय संपला. लेबलावरच दुसऱ्याचं नाव असेल तर बटवडा करणाऱ्याकडून घोळ झालाय. चाळीत किंवा सोसायटीत एकाच आडनावाची दोन घरं असली, किंवा बी-२ आणि बी-१२ असे खोली नंबर असले की हे होतं. पाकीट न फोडता परत द्यायला सांगा आणि पोस्टात किंवा कुरिअरकडे तक्रार नोंदवा.

टॅगचा कोड मागायचं कारण वेगळं आहे. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी आणि हिरवा यांत फरक कळत नाही. कधीकधी माल बरोबरच गेलेला असतो आणि वाद फक्त रंगाच्या नावाचा असतो.

ट्रॅकिंग उघडून मात्र काही हाती लागणार नाही. नंबर पाकिटाला असतो, आतल्या साडीला नाही. ट्रॅकिंगच्या लेखी सगळी पार्सलं आपापल्या पत्त्यावर सुखरूप पोचलेली असतात.

पावत्यांवरची वजनं वाचा

एक तक्रार आली की त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या बाहेर काढा. स्पीड पोस्टच्या पावतीवर ज्याला पाठवलं त्याचं नाव, पिनकोड आणि काउंटरवर भरलेलं ग्रॅममधलं वजन छापलेलं असतं. पाकीट न उघडता, ग्राहकाला फोन न करता, कोणत्या नावाच्या पाकिटात काय गेलं हे या वजनांवरून काढता येतं. अट एकच: प्रत्येक वस्तूचं पॅकिंगसकट वजन तुमच्याकडे असायला हवं. नसेल तर शिल्लक मालातली तशीच वस्तू तशाच बॅगेत घालून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. पाच-दहा ग्रॅमचा फरक सोडून द्या. दोन काटे तंतोतंत जुळत नाहीत.

उदाहरण घेऊ. एका दिवशी पाच ऑर्डरी, यादीत या क्रमाने: पहिली नऊवारी, ८५० ग्रॅम. दुसरी खणाचे ब्लाउजपीस, २६०. तिसरी सुती साडी, ५२०. चौथी नथीची डबी, ११०. पाचवी इरकल, ६१०. पावत्या नावाप्रमाणे त्याच क्रमाने लावल्या तर वजनं निघाली ८५०, ५२०, ११०, ६१० आणि २६०.

पहिलं पार्सल बरोबर गेलं. दुसऱ्या नावाला सुती साडी गेली, तिसऱ्याला नथ, चौथ्याला इरकल आणि पाचवीला खण. ही दोघींमधली अदलाबदल नाही, ही घसरण आहे. खणाचं छोटं पाकीट बाजूला राहिलं, त्यामुळे पुढचं प्रत्येक पाकीट एक घर वर सरकलं. शेवटी एक लेबल आणि एक पाकीट उरलं, ते एकमेकांना चिकटवलं गेलं. लेबलांची आणि पाकिटांची संख्या जुळली, म्हणून त्या वेळी कुणाला शंकाही आली नाही. तक्रार मात्र आली एकीची, जिला नथीच्या जागी इरकल मिळाली तिची. बाकी तिघींची पार्सलं अजून वाटेत असतील, किंवा घरी येऊन कपाटात न उघडलेली पडली असतील.

ओळखायची खूण सोपी आहे. चुकून मिळालेली वस्तू यादीतल्या लगतच्या ऑर्डरची असेल तर घसरण समजा आणि ती कुठून सुरू झाली, कुठे थांबली ते शोधा. यादीत लांबच्या ऑर्डरची असेल तर बहुधा दोनच पाकिटं आपसांत बदलली आहेत.

ही पद्धत दोन ठिकाणी फसते. सारख्याच वजनाच्या दोन सुती साड्या असतील तर काटा काय सांगणार? तिथे पॅकिंगच्या वेळचा फोटोच कामाला येतो, नाहीतर सरळ दोघींना विचारायचं. दुसरी फसगत कुरिअरच्या बिलात होते. बरेच कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. काही कुरिअर भागायला याहून लहान आकडाही घेतात. साडीचा ३५ बाय २८ बाय ६ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा खोका धरला तर ५८८० भागिले ५००० म्हणजे १.१७६ किलो. आत ८५० ग्रॅमची नऊवारी असो की ५२० ची सुती, बिल तेच. त्यात अर्धा-अर्धा किलोचे टप्पे. अशा बिलावरून काही ठरवू नका. कुरिअरच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यात, प्रत्यक्ष वजन वेगळं दाखवत असतील तर तेवढंच धरा.

वहीत उतरवलेला ट्रॅकिंग नंबरच चुकलाय असं वाटलं तर तेही घरबसल्या तपासता येतं. स्पीड पोस्टच्या नंबरात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी आय-एन ही अक्षरं असतात. नवव्या आकड्याचं काम फक्त पडताळणीचं. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ ने भागायचं आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर तोच नववा आकडा. उत्तर १० आलं तर तिथे ० असतो, ११ आलं तर ५. समजा आकडे ४७३८६५२१ आहेत. बेरीज १७०, बाकी ५, म्हणून नववा आकडा ६. हेच उतरवताना ८ आणि ६ उलटे पडून ४७३६८५२१ झाले, तर बेरीज १७२, बाकी ७ आणि उत्तर ४ येतं. शेवटी लिहिलेल्या ६ शी ते जुळत नाही, म्हणजे आकडा उतरवताना चूक झाली. एक्सेलमध्ये सूत्र एकदा बसवून ठेवलं की चुकीचा नंबर तिथेच लाल होतो.

पार्सल अजून वाटेत असेल तर

बुकिंग होऊन तास-दोन तासच झाले असतील तर फोनात वेळ घालवू नका. पावत्या आणि ओळखपत्र घेऊन त्याच पोस्टाच्या काउंटरवर जा. थैली बंद होऊन निघेपर्यंत पाकीट त्याच इमारतीत असतं आणि पाठवणाऱ्याच्या लेखी अर्जावर ते थांबवता येतं. एकदा थैली बंद झाली की पुढच्या मुक्कामापर्यंत ती कुणी उघडत नाही. ट्रॅकिंगमध्ये पाकीट बॅगेत भरल्याची नोंद दिसली तर त्या दिवशीची धावपळ व्यर्थ आहे.

मग दोन मार्ग उरतात. पहिला, बुकिंग केलेल्या पोस्टातच परत मागवण्याचा अर्ज द्यायचा. त्यात ट्रॅकिंग नंबर, तारीख आणि दोन्ही पत्ते लागतात. दुसरा, ग्राहकाला सांगायचं की पार्सल घेऊ नका, पोस्टमनला नकार द्या. नाकारलेलं पाकीट पाठवणाऱ्याकडे परत येतं. प्रत्यक्षात दुसरा मार्ग जास्त भरवशाचा, कारण अर्ज योग्य टेबलावर पोचायच्या आत पाकीट दारात पोचतं. फक्त घरात दुपारी कोण असतं ते विचारून घ्या. नकार द्यायचं सूनबाईंना माहीत असतं, पार्सल घेतात सासूबाई.

कुरिअरचं असेल तर पॅनेलवर रद्द केल्यावर ते आरटीओला पडतं. हे ताडदेवचं आरटीओ नव्हे, इथे अर्थ माल पाठवणाऱ्याकडे परत. जाण्याचं भाडं तर जातंच, बहुतेक ठिकाणी परतीचंही तुमच्याच माथी येतं.

माल वाटेत असताना परत फिरवायचा की पोचू द्यायचा? तारीख बघा. साडी पुढच्या आठवड्यातल्या डोहाळजेवणासाठी असेल तर परत फिरवण्यात दिवस घालवू नका. चुकीचं पार्सल पोचू द्या, तिथून उचलून आणा आणि योग्य माल आजच वेगळा निघू द्या. घाई नसेल तर नकार देणं स्वस्त पडतं, शिवाय पाकीट न फोडलेलं परत मिळतं.

पोचलं असेल तर: आधी कात्री थांबवा

तक्रार करणारीला लगेच उत्तर द्या. पण सगळ्यात तातडीचा मेसेज तिला नसतो. तो जिने अजून तक्रार केलेली नाही तिला जायला हवा. तिला राणी कलर आवडून गेला असेल, भेट आलीय असं वाटलं असेल, किंवा पाकीट न बघताच शिंप्याकडे गेलं असेल. साडीला एकदा फॉल-पिको झालं, ब्लाउजपीस कापला गेला, की ती वस्तू परत घेऊन विकता येत नाही. ड्रेस मटेरियल धुतलं गेलं तरी तेच. म्हणून मेसेजमध्ये माफीच्याही आधी ही सूचना यायला हवी. पाठवून झालं की फोनही करा. मेसेज रात्री वाचला जातो, शिंपी दुपारी येऊन जातो.

मेसेज साधारण असा:

“नमस्कार ताई. तुम्हाला मंगळवारी जे पार्सल मिळालं त्यात आमच्याकडून चुकून दुसरी साडी गेली आहे. कृपया तिला फॉल-पिको करू नका आणि ब्लाउजपीस कापू नका. टॅग तसाच राहू द्या. तुमची साडी वेगळी काढून ठेवली आहे, ती उद्या निघेल. ही साडी घ्यायला आमचा माणूस तुमच्या सोयीच्या वेळी घरी येईल, तुम्हाला काही खर्च नाही. सकाळी की संध्याकाळी, कोणती वेळ बरी पडेल? चूक आमची आहे, त्रासाबद्दल क्षमस्व.”

यात काय नाही ते बघा. दुसऱ्या ग्राहकाचं नाव नाही, साडीची किंमत नाही आणि “अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का” हा प्रश्न नाही. वजनांवरून चूक तुमची आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं असताना पुरावा मागणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. “तुमची साडी वेगळी काढून ठेवली आहे” हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. तिची साडी या क्षणी दुसऱ्याच बाईंकडे असेल तर तसं सांगा आणि किती दिवस लागतील तेही सांगा.

“तुम्हीच एकमेकींना पाठवून द्या ना” ही कल्पना प्रत्येकाला सुचते. ती करू नका. एकीचा पत्ता आणि मोबाइल नंबर दुसरीला द्यावा लागतो आणि त्याचा अधिकार तुम्हाला नाही. साडी कुठल्या अवस्थेत निघाली हे तुम्ही बघितलेलं नसतं. वाटेत डाग पडला की दोघी मिळून तुमच्यावर येतात. दोघी एकाच भिशीतल्या असतील आणि स्वतःहून तयार असतील तर गोष्ट वेगळी.

माल परत आणणं आणि पैसे

दोन्ही ग्राहक मुंबई-ठाण्यातच असतील तर पोस्ट आणि कुरिअर विसरा. दुचाकीवरून सामान नेणाऱ्या ॲपवर तासा-दोन तासांत काम होतं. मात्र फेरी तुमच्या दारावरून जाऊ द्या. मुलुंडहून उचललेली साडी आधी तुमच्याकडे, तपासून मग बोरिवलीला. दादरच्या आसपास राहत असाल तर लोकलने ते वाटेवरच पडतं. मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्ही इथे भेटतात, त्यामुळे स्टेशनच्या पुलावर हातोहात देवाणघेवाणही होते. ग्राहक वॉचमनकडे ठेवते म्हणाली तर पाकिटाचा लेबलासकट फोटो आणि वॉचमनचं नाव घ्या.

बाहेरगावी असेल तर रिव्हर्स पिकअप लावा, म्हणजे कुरिअरवाला ग्राहकाच्या घरून माल उचलून तुमच्याकडे आणतो. ग्राहकाला दुकानातून बॅग, टेप आणायला लावू नका. ज्या पार्सलातून योग्य साडी जाते त्याच पार्सलात एक रिकामी कुरिअर बॅग घाला, तुमच्या पत्त्याचं लेबल आधीच चिकटवलेली. तिने फक्त साडी आत सरकवायची आणि पट्टी काढून बॅग बंद करायची. ही बॅग नसेल तर परतीचं पार्सल आठवडाभर सोफ्यावर पडून राहतं, त्यात वाईट हेतू काही नसतो.

प्रत्येक वस्तू परत आणलीच पाहिजे असं नाही. १५० रुपयांचा ब्लाउजपीस आणायला समजा १२० रुपये लागत असतील, वर नवी बॅग आणि तुमचा वेळ, तर तो तिलाच ठेवू द्या आणि तसं मोकळेपणाने सांगा. उलट टोकाला, ३,००० ची साडी मागवलेल्या बाईंना ७,००० ची गेली आणि त्यांना ती आवडली, तर फरक घेऊन ठेवू द्यायला हरकत नाही. पण त्यांनी आपणहून विचारलं तरच. तुमची चूक तुमच्या विक्रीचं निमित्त झालीय असं दिसलं तर विश्वास उडतो. आणि मूळ ग्राहकाला तीच साडी मिळायची असेल तर हा सौदा करताच येत नाही.

क्वचित एखादी व्यक्ती वस्तू परत करतच नाही, फोनही उचलत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून पोचवलेली वस्तू किंवा चुकून दिलेले पैसे मिळालेल्याने ते परत करायला हवेत. कलम माहीत असू द्या, पण पहिल्या चार मेसेजमध्ये ते काढू नका. तुमच्या बाजूनेही बंधन आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे मार्केटप्लेसवर विकणाऱ्याला, जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा माल गेला असेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पेजवर मोठ्या अक्षरात “नो रिटर्न, नो एक्सचेंज” लिहिलं म्हणून सुटका होत नाही. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकते.

पैसे परत करायचे असतील तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात करा, भावाच्या नंबरवर नको. जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिट नोट काढा. कॅश ऑन डिलिव्हरीत लेबलावरच्या नावाची रक्कम वसूल होते, आत काहीही असो. त्यामुळे पैसे योग्य, माल चुकीचा अशी गंमत होते. कुरिअरने वसूल केलेली ती रक्कम तुमच्या खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात वजावटी करत बसू नका.

आणि हो, चुकीचा माल मिळाल्याची खोटी तक्रारही येते. बॅच तपासली, वजनं सगळी जुळली, लेबलाचा फोटो मागितला की समोरचा गप्प, अशा वेळी घाईने पैसे पाठवू नका. “रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा” असं कुणी तुम्हाला किंवा तुमच्या नावाने ग्राहकाला सांगत असेल तर तो भामटा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

परत आलेलं पाकीट उघडण्याआधी काट्यावर ठेवा आणि उघडताना मोबाइल चालू राहू द्या. साडी असेल तर पदर आणि खालचा काठ दिव्याखाली बघा. फॉल लावून उसवला असेल तर काठालगत सुईची बारीक भोकं रांगेत दिसतात. अत्तराचा, उदबत्तीचा वास बसला असेल तर दोन दिवस सावलीत उलगडून ठेवा.

पिनकोडची चूक, जिला लोक अदलाबदल समजतात

पार्सल भलत्या गावी पोचलं म्हणजे लेबल बदललंच असं नाही. छाटणी पिनकोडवर होते, गावाच्या नावावर नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेल्या या सहा आकड्यांत पहिले तीन विभाग सांगतात, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट. ४०००१२ म्हणजे परळ-लालबाग. त्यात एक ४ जास्त आणि एक ० कमी पडून ४४००१२ झालं की पाकीट नागपूरला. अंधेरी पूर्व ४०००६९, पश्चिम ४०००५८. मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. पूर्व-पश्चिम न लिहिता “स्टेशनजवळ” एवढंच लिहिणारे ग्राहक मुंबईत पुष्कळ, त्यांना रुळांची कुठली बाजू ते विचारा. ठाण्याचे पिनकोडही ४०० नेच सुरू होतात, म्हणून शहराच्या जागी मुंबई लिहिलं तरी चालून जातं. डोंबिवली मात्र ४२१ मध्ये आहे.

टेबलावरची पद्धत

अदलाबदल होते ती पाकीट बंद झाल्यापासून त्यावर लेबल लागेपर्यंतच्या वेळात. तेवढा वेळ पाकीट बिननावाचं असतं. करड्या रंगाच्या दहा सारख्या बॅगा आधी भरून बंद केल्या, मग ए-फोर कागदावर चार-चार छापलेली लेबलं कापून वाटायला बसलात, तर घोळ झालाच. म्हणून उलट करा: रिकाम्या बॅगेवर आधी लेबल, मग लेबलावरचं नाव वाचून माल. लेबल चिकटवायचंच. प्लास्टिकच्या खिशात सरकवलेला कागद निघून दुसरीकडे जाऊ शकतो.

ऑर्डर नंबर तीन ठिकाणी लागतो. लेबलाच्या कोपऱ्यात, साडीच्या घडीत ठेवलेल्या चिठ्ठीवर आणि वहीत. चिठ्ठीवर ग्राहकाचं पहिलं नाव आणि वस्तू एवढंच लिहा, फोन नंबर नको. पाकीट चुकीच्या घरी पोचलं तर उघडणारीला चिठ्ठी बघताच कळतं आणि ती साडीला हात लावायच्या आधी फोन करते. बॅग बंद करण्याआधी लेबल आणि आतला माल एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा, मग काट्यावर ठेवून ग्रॅम वहीत लिहा. पोस्टातून आल्यावर पावत्यांची वजनं वहीशी ताडून बघा. पंधरा पार्सलांना पाच मिनिटं लागतात, आणि घसरण झाली असेल तर ती थैली निघायच्या आत हाती लागते. एकाच आडनावाच्या दोन ऑर्डरी सलग कधी भरू नका.

मदतीला घरातलं माणूस असेल तर एकाने माल काढायचा आणि दुसऱ्याने लेबल लावायचं ही विभागणी मोडा. एका बॅगेचं सगळं काम एकाच हाताने होऊ द्या. भरता भरता दाराची बेल वाजली तर हातातली बॅग पूर्ण करून, वजन लिहून मगच उठा. तेवढा वेळ नसेल तर बॅग रिकामी करून उठा. अर्धवट भरलेली उघडी बॅग टेबलावर सोडून कुरिअरवाल्याला सही द्यायला गेलात की परत आल्यावर कुठल्या बॅगेत काय घातलं होतं ते पाकिटं उघडून बघावं लागतं.